बोस्फरसवरचा दिवाणखाना

दिवाणखाना हा शब्द आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की, त्याचे परकेपण आता कोणास जाणवत नाही. फारसीतून तो आपल्या वाड्यांत आला, आणि त्याच फारसीतून तुर्कांच्या घरांतही गेला. इस्तंबूलजवळ, बोस्फरसच्या आशियाई किनाऱ्यावर, अनादोलु हिसारी आणि कान्लिजा यांच्या दरम्यान असा एक दिवाणखाना तीनशेहून अधिक वर्षे पाण्यावर झुकून उभा आहे. १६९९ साली वजीर अम्जाझादे हुसेन पाशा याने बांधलेल्या वाड्याचा तो उरलेला अंश होय. बोस्फरसकाठच्या अशा वाड्यांस 'याली' म्हणतात. आज उभ्या असलेल्या यालींत ही सर्वांत जुनी मानली जाते.

हुसेन पाशा हा कोप्रुलु घराण्यातला. त्या घराण्यातील पहिला वजीर मेहमेद पाशा हा त्याचा चुलता. 'अम्जाझादे' या उपपदाचा अर्थच मुळी चुलतभाऊ असा आहे. १६९७ मध्ये झेंटा येथे ऑस्ट्रियाच्या सैन्याने सुलतानाच्या फौजेची दाणादाण उडविली आणि त्या पडत्या काळात वजिराची शिक्कामोर्तब याच्या हाती आली. जानेवारी १६९९ मध्ये कार्लोविट्झचा तह झाला. हंगेरीचा बहुतेक भाग व ट्रान्सिल्व्हानिया ऑस्ट्रियास, पोदोलिया पोलंडास आणि मोरिया व्हेनिसास सोडून द्यावा लागला. ज्या वर्षी राज्य एवढे आकसले, त्याच वर्षी वजिराने जलतीरी विलासगृह उभारले, असे म्हणून नीतिपाठ देण्याचा मोह होण्याजोगा आहे. आम्हांस तो उतावळेपणाचा वाटतो. हा वजीर तह करणारा, करभार हलका करू पाहणारा, सैन्याच्या पटावरील फुगीर नावे छाटणारा होता. त्याची वास्तूही बाहेरून फारसा दिमाख मिरवीत नाही. गेरूसारख्या तांबड्या रंगाच्या लाकडी भिंती, बुटके छप्पर आणि रुंद वळचण, एवढेच पाण्यावरून जाणाऱ्यास दिसावयाचे.

खरी वास्तू आत आहे. दिवाणखान्याचा आराखडा इंग्रजी टी अक्षरासारखा आहे. मध्ये चौक, त्यावर छपराच्या पोटात दडलेला लाकडी घुमट, खाली संगमरवरी कारंजे, आणि तीन बाजूंस पुढे काढलेली दालने. दालनांच्या खालून तिरप्या लाकडी आधारांवर पाण्याकडे झेप घेतलेली. दालनांत कडेकडेने बुटक्या बैठका आणि त्यांच्यामागे खिडक्यांची अखंड रांग. खिडक्यांवरच्या तक्तपोशीत फुलदाण्यांतील फुले रंगविलेली आहेत.

या रचनेचे मर्म आमच्या मते एकाच गोष्टीत आहे: ती बसलेल्या माणसाच्या दृष्टीने रचलेली आहे. खिडकीचा उंबरा उभ्या माणसाच्या कमरेवरून ठरलेला नसून बैठकीवरून ठरलेला आहे. त्यामुळे बसणाऱ्यास किनारा दिसत नाही, केवळ पाणी दिसते, आणि आपण नावेत आहोत असा भास होतो. आत कारंज्याचे पाणी, बाहेर सामुद्रधुनीचे पाणी. दोहोंच्या मध्ये भिंत जवळजवळ नाहीच. युरोपातील राजवाडे पाहुण्यास चालावयास लावतात. एकामागून एक दालने ओलांडून त्याने थोरवीपुढे पोहोचावे, अशी त्यांची योजना असते. हा दिवाणखाना पाहुण्यास बसावयास सांगतो. थोरवीची ही कल्पनाच निराळी आहे.

या वास्तूवर आजवर दोन प्रकारे लिहिले गेले. पहिला प्रकार हळहळीचा. १९१५ साली पॅरिसमध्ये या यालीवर जो सचित्र ग्रंथ निघाला, त्याला पिएर लोतीची प्रस्तावना होती. पुढे १९५४ मध्ये अब्दुलहाक शिनासी हिसार याने बोस्फरसच्या यालींवर स्वतंत्र पुस्तकच लिहिले. हळहळ खोटी नव्हे; परंतु हळहळणाऱ्यास वास्तू पडकी असण्यातच गोडी वाटू लागते, हा तिचा दोष.

दुसरा प्रकार वास्तुशिल्पी सेदाद हाक्की एल्देम याचा. जुन्या तुर्की घरात त्याला आधुनिकता दिसली: लाकडी सांगाडा, मोकळा आराखडा, खिडक्यांची लांब पट्टी. १९४७-४८ मध्ये त्याने इस्तंबुलातच ताशलिक येथे याच दिवाणखान्याच्या आराखड्यावर एक कॉफीगृह बांधले, पण काँक्रीटच्या सांगाड्यात आणि टेकडीवर. अनुकरण म्हणून ते डोळस होते. तरीही, वरून पाहिलेले पाणी आणि पाण्यावर बसून पाहिलेले पाणी ही एक गोष्ट नव्हे. आकार उचलता आला, पण आकाराला जन्म देणारे कारण मागे राहिले. आणि नियतीचा विनोद असा की, हे काँक्रीट १९८८ मध्ये एका हॉटेलासाठी पाडण्यात आले आणि बदललेल्या रूपात पुन्हा उभारण्यात आले. पुढे काढलेले लाकूड मात्र टिकून राहिले.

ते का टिकले? येथे आमच्यातला वकील बोलू लागतो. या वास्तूचे दुसरे नाव 'मेशरुता याली' असे आहे. आपली 'शर्त' आणि ही 'मेशरुता' एकाच अरबी धातूची लेकरे. वंशजांसाठी शर्तीने लावून दिलेली वक्फ मालमत्ता, असा तिचा अर्थ. अशी मालमत्ता विकता येत नाही. म्हणून हॉटेलवाल्याचा हात येथवर पोहोचला नाही. पण विक्रीस बंदी घालणारी शर्त डागडुजीस पैसा पुरवीत नाही. विसाव्या शतकात ही याली दीर्घकाळ दुर्लक्षित राहिली. गोव्यातील थोरली घरे, ज्यांवर अविभक्त हिश्श्यांमुळे डझनावारी भागीदारांची नावे लागलेली असतात, ती पाहिलेल्या वाचकांस याचे अधिक विवरण करावयास नको.

१९८३ च्या बोस्फरस कायद्याने किनाऱ्यावरील नव्या बांधकामास आळा घातला. परंतु धोका केवळ बांधकामाचा नाही. १९३६ च्या माँत्रो करारान्वये व्यापारी जहाजांस या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून मोकळी वाट आहे. एप्रिल २०१८ मध्ये एक मालवाहू जहाज भरकटून याच किनाऱ्यावरील हेकिमबाशी सालिह एफेंदीच्या यालीत शिरले. लाकडी वास्तूला एवढा एक क्षण पुरे होतो.

तेव्हा आमचा अभिप्राय असा: या दिवाणखान्याचे रक्षण करणाऱ्यांनी केवळ लाकूड आणि रंग जपू नयेत. दोरी लावून उभ्याने पाहावयास लावणारे संग्रहालय तेथे झाले, तर आराखडा उरेल आणि वास्तू जाईल. अधूनमधून का होईना, कोणीतरी तेथे खिडकीशी बसले पाहिजे. बांधणाऱ्याने घातलेली खरी शर्त ती आहे, मग ती कोणत्याही दस्तऐवजात लिहिलेली नसली तरी.