आज्ञापत्रांतील आरमार-प्रकरण व साष्टीचा वाद

रामचंद्र नीळकंठ अमात्य यांच्या आज्ञापत्राची ओळख अभ्यासकांस नव्यानें करून देण्याचें प्रयोजन नाहीं. सन १७१५ मध्यें कोल्हापूरच्या संभाजी महाराजांच्या नांवें निघालेला हा ग्रंथ राजनीतीचा आदर्श म्हणून वारंवार गौरविला जातो. तो गौरव यथार्थ आहे. परंतु गौरवानें ग्रंथाची परीक्षा होत नाहीं. राज्य लष्करी दृष्ट्या बलाढ्य कशानें होतें, या प्रश्नास ग्रंथकारानें दिलेलें उत्तर पुढें घडलेल्या एखाद्या प्रदेशवादाच्या कसोटीस लावून पाहिलें पाहिजे. मुंबईशेजारच्या साष्टी बेटाचा १७३७ ते १७८२ पर्यंतचा वाद ही तशी कसोटी होय.

आरमार हें राज्याचें स्वतंत्र अंग आहे, हा अमात्यांचा मुख्य सिद्धांत. ज्याचें आरमार त्याचा समुद्र, असा त्यांचा अभिप्राय आहे. तथापि या प्रकरणाचें खरें मोल या सामान्य विधानांत नसून त्याखालील व्यवस्थेंत आहे. आरमाराचा खर्च बंदरांच्या उत्पन्नावर नेमून देऊं नये, दिल्यास व्यापाऱ्यांस उपद्रव होऊन बंदरें बुडतील. त्यासाठीं वेगळा मुलूख तोडून द्यावा. जहाजांचें लांकूड रयतेच्या झाडांवर जुलूम करून आणूं नये. असे तपशील त्यांत येतात. टोपीकर हे सामान्य सावकार नव्हेत, त्यांच्या पाठीशीं राज्यें आहेत, एकदां जागा मिळाली कीं ते ती सोडीत नाहींत, म्हणून समुद्रकांठीं त्यांस पक्कें ठाणें करूं देऊं नये, हा इशाराही याच दृष्टीचा भाग आहे. लष्करी बळाचें मूळ त्यांनीं शौर्यांत न शोधितां नेमणुकींत शोधिलें.

हें प्रकरण वाचतांना काळ ध्यानांत घेतला पाहिजे. कान्होजी आंग्रे थोडेंच आधीं, बाळाजी विश्वनाथाच्या मध्यस्थीनें, शाहू महाराजांच्या पक्षास मिळाले होते. म्हणजे समुद्रावरील सर्वांत समर्थ हात कोल्हापूरच्या गादीपासून नुकताच दुरावला होता. अमात्य जेथें सरकारी नेमणुकीच्या आरमाराचा आग्रह धरितात, तेथें वंशपरंपरेच्या सरदारावर विसंबण्याचा हा ताजा अनुभव बोलत असावा, असें अनुमान करण्यास जागा आहे.

आतां साष्टीकडे वळूं. १७३७ च्या मार्चमध्यें मराठ्यांनीं पोर्तुगीजांपासून ठाणें घेतलें. दोन वर्षांनीं, १७३९ च्या मे महिन्यांत, चिमाजी अप्पांनीं सुरुंग लावून वसई जिंकली. हा विजय मोठाच. पण तो मुख्यतः जमिनीवरून मिळविलेला विजय होता. खाडी अरुंद होती, आणि पोर्तुगीजांची सागरी सत्ता उतरणीस लागली होती. या यशावरून बेटें पायदळाच्या व सुरुंगाच्या बळावर राखतां येतात असा समज झाला असल्यास नवल नाहीं.

पुढें १७५६ च्या फेब्रुवारींत, तुळाजी आंग्र्यांशीं वैर असलेल्या पेशव्यांचें साहाय्य घेऊन, इंग्रजांनीं विजयदुर्गाच्या बंदरांत तुळाजींचें आरमार जाळलें. त्याच सालच्या तहानें किल्ला पेशव्यांकडे आला व बाणकोट इंग्रजांस मिळालें. तुळाजींचा उद्दामपणा नाकारण्याचें कारण नाहीं; परंतु सरदारास शासन करणें आणि राज्याचें अंग तोडणें या दोन भिन्न गोष्टी होत. जहाजांची राख किल्ल्याच्या मोबदल्यांत भरून निघत नाहीं.

परिणाम अठरा वर्षांनीं दिसला. १७७४ च्या डिसेंबरअखेर मुंबईकर इंग्रजांनीं ठाणें घेतलें. १७७५ मध्यें रघुनाथरावांनीं सुरतेच्या तहानें साष्टी व वसई देऊं केली. १७७६ च्या पुरंदरच्या तहांतही साष्टी इंग्रजांकडेच राहिली. १७७९ च्या जानेवारींत वडगांव येथें इंग्रज फौज कोंडली गेली व साष्टीसुद्धां परत देण्याचें तिनें कबूल केलें. कागद हातीं आला. बेट आलें नाहीं. मुंबईकरांनीं तो करार झिडकारला, आणि तो अमलांत आणावयास समुद्रावर बळ नव्हतें. १७८२ च्या सालबाईच्या तहानें वसई परत आली, साष्टी गेली ती गेलीच. वसई मुख्य भूमीवर होती, साष्टी बेट होती. या एका भेदांत पुष्कळ उत्तर सांठविलेलें आहे. पेशवाईंतील गृहकलह हें दुसरें कारण खरें, परंतु वडगांवच्या घटकेस तो कलह आड आला नव्हता.

यावर कोणी म्हणेल कीं, पेशव्यांचेंही आरमार होतें. आनंदराव धुळप यांनीं १७८३ च्या एप्रिलमध्यें इंग्रजांचें रेंजर जहाज पकडलें नाहीं काय? पकडलें, आणि तो पराक्रम कोणीही कमी लेखूं नये. पण एक झुंज जिंकणारें आरमार निराळें आणि मुंबईसमोरचा समुद्र वर्षानुवर्ष अडवून धरणारें निराळें. पहिल्यास धैर्य पुरतें. दुसऱ्यास निश्चित उत्पन्न, गोदी, तोफा आणि पगारी खलाशी लागतात.

आज्ञापत्राची उणीवही याच ठिकाणीं दिसते. तोफा व दारूगोळा यांचा उल्लेख त्यांत जागोजाग आहे, परंतु तोफा ओतण्याच्या कारखान्यास स्वतंत्र प्रकरण नाहीं. ज्या टोपीकरांविषयीं ग्रंथकार सावध करितात, त्यांच्या बळाचें मर्म त्यांच्या कारखान्यांत होतें. तसेंच, नेमलेला मुलूख सरदाराच्या घराण्यांत मुरला तर तो परत कसा घ्यावा, याचा उपायही ग्रंथांत पुरता सांपडत नाहीं. इतकें वजा केलें तरी पुढच्या मुत्सद्द्यांपेक्षां अमात्यांची दृष्टि दूरवर पोंचली होती, हें साष्टीच्या इतिहासानेंच सिद्ध केलें आहे.

संग्राहकांस विनंती एवढीच. तहनामे आणि लढायांचीं पत्रें आपण जिव्हाळ्यानें जपतों. गुराबांच्या दुरुस्तीचा जमाखर्च, खलाशांची हजिरी, सागवानाच्या तोडीच्या सनदा, बंदरच्या जकातीचे ताळेबंद मात्र रुक्ष म्हणून बांधलेल्या रुमालांतच राहतात. प्रदेश कोणाचा, हें तहनामा सांगतो. तो कोणाकडे राहील, हें या हिशेबांतून वाचतां येतें. कोंकणांतील जुन्या घराण्यांकडे असे कागद हातीं लागल्यास ते रद्दींत जाण्यापूर्वीं त्यांची नोंद व्हावी. आज्ञापत्रावरचें खरें भाष्य त्यांतूनच लिहिलें जाईल.