'वाइड' आणि 'ब्रॉड' : रुंदीवाचक शब्दांचा अर्थविचार

इंग्रजीतील 'वाइड' आणि 'ब्रॉड' या दोन्ही विशेषणांना मराठीत 'रुंद' हा एकच प्रतिशब्द देण्याचा प्रघात भाषांतराच्या अध्यापनात आढळतो. रस्ता, नदीचे पात्र किंवा कापडाचा पन्हा यांपुरता तो चालूनही जातो. पदबंधांचा विचार सुरू झाला की मात्र त्याचे अपुरेपण उघड होते.

'वाइड'मध्ये दोन कडांमधील अंतर प्रधान असते, तर 'ब्रॉड'मध्ये त्या कडांमधील पृष्ठभागाचा ऐसपैसपणा. म्हणून खांदे आणि पाठ 'ब्रॉड', तर फट आणि विस्फारलेले डोळे 'वाइड'. अंतराच्या याच कल्पनेतून 'लक्ष्यापासून दूर' हा अर्थ निघतो. क्रिकेटमधील 'वाइड' चेंडू फलंदाजाच्या आवाक्याबाहेरून जातो. रुंदीशी त्याला काही कर्तव्य नाही. (पंच दोन्ही हात आडवे पसरतात, त्यामुळे तसा भास होतो एवढेच.) मराठी समालोचनाने हा शब्द जसाच्या तसा घेतला, हे योग्यच झाले.

क्रियाविशेषण म्हणून 'वाइड' परिपूर्णता दर्शवितो. 'वाइड ओपन' दार मराठीत सताड उघडे असते आणि 'वाइड अवेक' माणूस टक्क जागा. विद्यार्थी 'पूर्णपणे उघडे', 'पूर्णपणे जागा' असे लिहितो. अर्थ चुकत नाही, मराठी मात्र हरवते.

मराठीतील 'भर' हा शब्द या संदर्भात विशेष लक्षणीय आहे. नामानंतर आल्यास तो प्रत्ययरूप 'वाइड'चे काम करतो : जगभर, देशभर. नामापूर्वी आल्यास तो 'ब्रॉड'च्या जवळ जातो. 'ब्रॉड डेलाइट'मध्ये घडलेली चोरी मराठीत भरदिवसा घडते. शिवाय 'दिवसभर', 'वर्षभर' असा त्याचा कालवाचक संचार इंग्रजी 'वाइड'ला साधत नाही. असा शब्द हाताशी असताना प्रशासकीय मराठी 'देशव्यापी'कडे वळते. 'देशव्यापी संप' या विशेषणप्रयोगात ते समर्थनीय आहे. 'देशव्यापी पातळीवर संप झाला' या वाक्यात नाही, कारण तेथे 'देशभर' पुरेसे होते.

खरा घोटाळा 'व्यापक' या शब्दाने केला आहे. 'ब्रॉड आउटलाइन' म्हणजे तपशील वगळलेली, स्थूल रूपरेषा. तिला 'व्यापक रूपरेषा' म्हटले की ती सर्वसमावेशक असल्याचा, म्हणजे जवळजवळ उलटा, बोध होतो. 'वाइड अग्रीमेंट'मध्ये सहमत होणारे पुष्कळ असतात. 'ब्रॉड अग्रीमेंट'मध्ये मुख्य मुद्दे मान्य असून तपशील शिल्लक असतो. मराठीत दोन्हींसाठी 'व्यापक सहमती' लिहिले जाते. सभेच्या इतिवृत्तात हा पदबंध आला, की बहुतेक सदस्य सहमत होते की ठराव ढोबळमानाने मान्य होऊन त्यातील कलमे अनिर्णित राहिली, हे इतिवृत्त वाचून सांगता येत नाही. आणि वाद उद्भवल्यास दोन्ही पक्ष त्याच शब्दावर बोट ठेवू शकतात.