भिंग काढलं, पण आकडा कशावर मोजला?

राइस विद्यापीठाचा फ्लॅटस्कोपचा पेपर (2017, सायन्स ॲडव्हान्सेस) वाचला नसेल तर वाचाच. सेन्सरला जवळजवळ चिकटवलेला मास्क, भिंग नाही. सेन्सरवर नुसती गिचमिड उमटते, चित्र मागून गणिताने काढायचं. जाडी 1 मिलिमीटरहून कमी, वजन साधारण 0.2 ग्रॅम. भारीच आहे.

पण ‘मायक्रॉनच्या घरातलं रिझोल्यूशन’ वाचलंत की लगेच नमुना कोणता ते बघा. विरळ पसरलेले चमकते मणी या पद्धतीला सोपे जातात. दाट ऊतीत प्रत्येक पिक्सेलवर शेकडो बिंदूंचा प्रकाश एकत्र पडतो. कॉन्ट्रास्ट घसरतो, शॉट नॉइज मात्र एकूण प्रकाशाबरोबर वाढतो. मग रेग्युलरायझेशन वाढवावं लागतं आणि बारीक तपशील त्यातच पुसले जातात. चित्र गुळगुळीत दिसतं म्हणून आपण खूश! मीही झाले होते.

त्याच गटाच्या 2022 च्या बायो-फ्लॅटस्कोपमध्ये प्रकाश अडवणारा नव्हे, फेज मास्क आहे, आणि नमुने हायड्रा, उंदराचा मेंदू असे जिवंत. माझ्या मते खरी परीक्षा तिथे सुरू होते. दोन्ही पेपर शेजारी ठेवून वाचा, आधी फक्त आकृत्यांखालच्या ओळी.