निर्वासित शिशू आणि भाषेची साक्ष : एका निबंधाची चिकित्सा

ॲना फ्रॉइड आणि सोफी डान यांचा समूहसंगोपनाच्या एका प्रयोगाविषयीचा निबंध १९५१ साली ‘द सायकोॲनॅलिटिक स्टडी ऑफ द चाइल्ड’ या वार्षिकात प्रसिद्ध झाला. मातृवियोग आणि समवयस्कांचे परस्परबंध यांची चर्चा करताना त्याचा आधार अजूनही घेतला जातो. परक्या देशात आलेल्या निर्वासित शिशूंना शिशुशाळेने कसे सांभाळावे, या प्रश्नाचा विचार करणाऱ्यालाही तो टाळता येत नाही. तथापि निबंधाच्या समारोपात भाषेकडून जी साक्ष घेतली आहे, ती भाषाशास्त्राच्या कसोटीवर घासून पाहणे आवश्यक आहे.

निबंधाचा विषय आहे सहा मुले. त्यांच्यापैकी तिघे मुलगे व तिघी मुली; सर्व जर्मन-ज्यू कुळातील. आईबाप नाझी राजवटीत मारले गेले आणि मुले अगदी लहान असतानाच तेरेझिनच्या छावणीत आली. १९४५ साली मुक्तता झाल्यावर त्यांना विमानाने इंग्लंडमध्ये आणण्यात आले. विंडरमियर येथील मुक्कामानंतर ऑक्टोबरमध्ये ससेक्स परगण्यातील बुलडॉग्ज बँक या घरात त्यांची व्यवस्था झाली. तेथे ती वर्षभर राहिली. त्या वेळी त्यांची वये तीन ते चार वर्षांच्या दरम्यान होती. त्यांचा सांभाळ करणाऱ्या सोफी व गेरट्रूड डान या भगिनी स्वतः जर्मनीतून आलेल्या निर्वासित होत्या. त्यांच्या दैनंदिन निरीक्षणांवर निबंध उभारलेला आहे.

या निरीक्षणांचे मोल मोठे आहे. मुले खेळणी मोडीत, प्रौढांना चावत, त्यांच्यावर थुंकत. परंतु एकमेकांपासून क्षणभरही दूर होण्यास तयार नसत. खाऊ वाटून घेण्यात त्यांच्यामध्ये चढाओढ दिसली नाही. मातेविना वाढलेले मूल सदोषच निपजणार, या समजुतीला निबंधाने धक्का दिला. मुले अस्वस्थ व हाताळण्यास कठीण होती, पण मतिमंद, गुन्हेगार वा वेडी नव्हती, हा त्याचा निर्णय आहे. ज्या मुलांना एकमेकांचाच आधार उरला आहे, त्यांना केवळ व्यवस्थेच्या सोयीसाठी वेगवेगळ्या वर्गांत पांगवू नये, हा धडा त्यातून सरळ निघतो.

प्रश्न उपस्थित होतो तो यानंतर. एवढ्या उलथापालथीतही मुलांनी नवी भाषा आत्मसात केली, यावरून परिसराशी असलेला त्यांचा संबंध मुळात अभंग होता, असे अनुमान समारोपात काढले आहे. या अनुमानात दोन गोष्टी गृहीत धरल्या आहेत. पहिली, भाषासंपादन हे मानसिक स्वास्थ्याचे लक्षण आहे. दुसरी, नव्या भाषेची प्राप्ती ही निव्वळ जमेची बाब आहे.

पहिले गृहीत अंशतः मान्य करावे लागेल. ज्याचा परिसराशी संबंध पूर्णतः तुटला आहे, असे मूल भाषा शिकणार नाही. परंतु तीन-चार वर्षांच्या वयात भाषा ग्रहण करण्याची शक्ती इतकी प्रबळ असते, की बरेच दुःख सोसूनही ती काम करीत राहते. म्हणून भाषा आली यावरून संबंध पुरता तुटला नव्हता, एवढेच सिद्ध होते; तो अक्षत होता हे सिद्ध होत नाही.

दुसरे गृहीत अधिक चिंत्य आहे. ही सहा मुले हा एक चिमुकला भाषिक समाजच होता. त्यांचे ऐक्य अभेद्य होते, तर इंग्रजीच्या आगमनाने त्या ऐक्याच्या बोलीचे काय झाले, याचा हिशेब त्याच समारोपात हवा होता. तेथे नव्या भाषेला साक्षीदाराचे स्थान मिळाले. जुन्या भाषेला मिळाले नाही.

येथे न्यायबुद्धीने एक गोष्ट नमूद केली पाहिजे. या मुलांची जर्मन ही रूढ अर्थाने मातृभाषा नव्हती. कारण ती ऐकवायला माता उरली नव्हती. त्यांच्या जुन्या भाषेमागे घर नव्हते, छावणी होती. अशा भाषेचा त्याग हा तोटा होता की सुटका, हे ठरविणे सोपे नाही. सबब, लेखिकांवर दोष ठेवण्यापेक्षा त्यांच्या उदाहरणाची मर्यादा ओळखणे अधिक उचित होय. हे उदाहरण अपवादात्मक आहे. त्यावरून सर्वसाधारण नियम करता येणार नाही.

आजच्या शिशुशाळेत येणारे आश्रयार्थी मूल बहुधा आईचा वा आजीचा हात धरून येते. त्याच्या भाषेमागे जिवंत माणसे असतात. लिली वाँग फिलमोर यांनी १९९१ साली अमेरिकेतील भाषिक अल्पसंख्य कुटुंबांविषयी जे दाखवून दिले, ते येथे लक्षात घेण्याजोगे आहे : शिशुवयातच इंग्रजी माध्यमात गेलेली मुले घरची भाषा गमावीत होती आणि आईबापांशी होणारा त्यांचा संवाद क्षीण होत होता. याउलट कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात पोलिश निर्वासितांची वसाहत होती. तिच्यातील शाळा पोलिश भाषेत चालत. तेथे मुलांची भाषा टिकली, कारण ती बोलणारे प्रौढ व ती चालविणाऱ्या संस्था दोन्ही सोबत होत्या.

इंग्लंडमध्येही विचार बदलला आहे. शाळेचा उंबरठा ओलांडताना मुलाने घरची भाषा बाहेर ठेवावी, ही अपेक्षा १९७५ च्या बुलक समितीने अमान्य केली. आणि तेथील शिशुशिक्षणाच्या वैधानिक चौकटीने खेळात व शिक्षणात घरच्या भाषेला वाव देण्याची जबाबदारी संस्थांवर टाकली आहे.

तरीही जुने अनुमान व्यवहारात मरत नाही. जे मूल लवकर नवी भाषा बोलू लागते ते ‘रुळले’ असे शिक्षिका समजते, आणि जे गप्प राहते ते मागासलेले ठरते. दोन्ही निदाने घाईची आहेत. गप्प मूल कित्येकदा ऐकून साठवीत असते. आणि अस्खलित बोलणारे मूल घरी आजीचे बोलणे समजेनासे झालेले असू शकते. म्हणून आश्रयार्थी मुलाच्या प्रगतीची नोंद करताना ते नव्या भाषेत काय बोलते याबरोबरच ते जुन्या भाषेत कोणाशी बोलते, हेही विचारले पाहिजे. फ्रॉइड-डान निबंधाचे निरीक्षण आजही अनुकरणीय आहे. त्याचे भाषाविषयक अनुमान मात्र जसेच्या तसे स्वीकारणे योग्य नव्हे.