आवाज कोणाचा, केंद्र कोणाचे?

दलित साहित्यावरील परीक्षणे वाचताना एक वाक्य मला वारंवार भेटते. 'या लेखकाने शतकानुशतके मूक असलेल्या समाजाला आवाज दिला.' लिहिणाऱ्याचा हेतू बहुधा प्रामाणिक असतो. तरीही हे वाक्य मला मान्य नाही. आमचा समाज मूक कधीच नव्हता. जात्यावर बाई गात होती, तमाशाच्या फडात शाहीर बोलत होता, पुढे आंबेडकरी जलशांनी गावेच्या गावे जागी केली. आवाज होता, तो दूरवर पोहोचवणारे साधन आमच्या मालकीचे नव्हते. समीक्षेने हा फरक केला नाही, तर साधनांच्या मालकीचा प्रश्न सहज बाजूला पडतो आणि 'आवाज देणाऱ्या'च्या औदार्याचे गोडवे गाण्याचे काम तेवढे शिल्लक राहते.

हा फरक स्पष्ट करण्यासाठी मी एक उदाहरण घेणार आहे. ते वरवर पाहता वाङ्मयाबाहेरचे आहे आणि आपल्या प्रदेशाबाहेरचेही आहे. पण अमेरिकेतील काळ्यांचे वाङ्मय आपल्याला परके नाही. म. ना. वानखडे आणि जनार्दन वाघमारे यांनी त्याचा परिचय मराठीला करून दिला आणि 1972 साली आपल्या तरुणांनी संघटनेचे नाव घेतले तेही तिकडच्या ब्लॅक पँथरवरून. आपण तिकडची कविता वाचली, आत्मचरित्रे वाचली. तिथल्या नभोवाणी केंद्रांची नावे मात्र आपण वाचली नाहीत. तीही वाचण्यासारखी आहेत.

अमेरिकेत प्रत्येक नभोवाणी केंद्राला सरकारकडून तीन किंवा चार अक्षरे मिळतात. त्यांना 'कॉल लेटर्स' म्हणतात. आपण ओळखाक्षरे म्हणू. 1912 च्या सुमारास जगातील देशांनी ही आद्याक्षरे आपसांत वाटून घेतली. अमेरिकेला के आणि डब्ल्यू मिळाले. ब्रिटिश अंमलाखालील हिंदुस्थानच्या वाट्याला 'व्ही'ने सुरू होणारा एक गट आला. म्हणून पुढे मुंबई केंद्र व्ही.यू.बी. झाले. 1923 पासून अमेरिकेत साधारण नियम असा झाला की मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडील नव्या केंद्रांना डब्ल्यू आणि पश्चिमेकडील केंद्रांना के. आद्याक्षर सरकारचे असले तरी पुढची अक्षरे मालकाला मागून घेता येत. दर तासाला केंद्राने आपली अक्षरे आणि आपले शहर सांगावे, असा तिथला दंडक आहे. म्हणजे कोणी गावो, कोणी बोलो, तासाच्या ठोक्याला नाव उच्चारले जाते ते केंद्राचे.

दक्षिणेकडील राज्यांतील ही नावे पाहा. अटलांटाचे डब्ल्यू.एस.बी. हे 1922 साली एका वर्तमानपत्राने सुरू केले. त्या अक्षरांचा अर्थ लावला गेला तो 'वेलकम साऊथ, ब्रदर' असा. बंधो, दक्षिणेत तुझे स्वागत असो. ज्या शहरात काळ्या माणसाला गोऱ्यांच्या खाणावळीत बसता येत नव्हते, त्या शहरातून 'बंधो' ही हाक दररोज आकाशात जात होती. ती कोणत्या बंधूला होती हे निराळे सांगायला नको. नॅशव्हिलचे डब्ल्यू.एस.एम. हे 1925 साली एका विमा कंपनीने काढले. 'वुई शील्ड मिलियन्स', आम्ही लाखोंचे रक्षण करतो, हे कंपनीचे ब्रीद त्या अक्षरांत होते. त्याच शहरातील डब्ल्यू.एल.ए.सी. दुसऱ्या विमा कंपनीचे. 'लाइफ अँड कॅज्युअल्टी' हे कंपनीचे नावच तिथे अक्षररूप झाले. थोडक्यात, ही नावे मालकाची पाटी होती.

या पाटीखाली काळा कलावंत कसा राहिला, हे डीफोर्ड बेली याच्या आयुष्यावरून दिसते. तो माउथ ऑर्गन वाजवीत असे. डब्ल्यू.एस.एम.वर शनिवारी रात्री ग्रामीण संगीताचा कार्यक्रम होई आणि त्याआधी अभिजात संगीत. डिसेंबर 1927 मधील एका रात्री अभिजात संगीत संपले आणि बेलीने आगगाडीची हुबेहूब नक्कल करणारी आपली रचना वाजवली. त्यानंतर निवेदक जॉर्ज हे म्हणाला की आतापर्यंत तुम्ही 'ग्रँड ऑपेरा' ऐकलात, आता 'ग्रँड ओल ऑप्री' ऐका. हेच नाव पुढे त्या कार्यक्रमाला चिकटले आणि जगभर गेले. ज्याच्या वादनाच्या निमित्ताने हे नाव जन्माला आले तो बेली मात्र दौऱ्यावर गोऱ्या सहकाऱ्यांबरोबर एका हॉटेलात उतरू शकत नसे. 1941 साली त्याला कमी करण्यात आले. 1945 साली त्याच जॉर्ज हे याने कार्यक्रमाचा इतिहास लिहिला आणि त्यात बेली आपल्या वंशातील काहींप्रमाणे आळशी होता, नव्या चाली शिकला नाही, असे लिहून टाकले. बेलीने पुढे नॅशव्हिलमध्येच बूट-पॉलिशचे दुकान चालवून पोट भरले. 1982 साली तो वारला आणि त्यानंतर 23 वर्षांनी, 2005 साली, त्याला कंट्री संगीताच्या सन्मानमंदिरात जागा मिळाली.

'आळशी होता, शिकला नाही' हा शेरा मला फार ओळखीचा वाटतो. मराठी समीक्षेत त्याचेच रूप 'अनुभव जिवंत आहे, पण कलात्मक संस्कार कमी पडतो' असे असते. कलावंताला बाहेर काढणाऱ्याच्याच हातात इतिहास लिहिण्याची लेखणी असली की हकालपट्टीचे कारण कलावंताच्या गुणवत्तेत शोधले जाते.

डब्ल्यू.एल.ए.सी.ची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. 1940 च्या दशकाच्या उत्तरार्धात या केंद्राने रात्री काळ्यांच्या रेकॉर्डी लावण्यास सुरुवात केली. त्याची ताकद 50,000 वॉट; दक्षिणेतील खेड्यापाड्यांतून काळी कुटुंबे रात्र जागवून ते ऐकत. टपालाने रेकॉर्डी, केसांना लावायची पोमेड आणि कोंबडीची पिल्ले यांच्या जाहिराती त्यावर होत. जीन नोबल्स, जॉन रिचबर्ग, हॉस ॲलन हे निवेदक काळ्यांच्या लकबीत बोलत आणि हे काळेच आहेत अशी असंख्य श्रोत्यांची समजूत होती. ते तिघेही गोरे होते. त्यांनी काळ्या कलावंतांचे हित केले नाही असे मी म्हणणार नाही. रिचबर्गचे ऋण अनेक गायकांनी मान्य केले आहे. पण इथे एक धडा आहे. आवाजाची नक्कल करता येते. बोली, हेल, विनोद, सगळे उचलता येते. सहानुभूतीने लिहिलेले दलित जीवनाचे चित्रण आणि स्वानुभवातून आलेले साहित्य यांतील भेद केवळ भाषेच्या पोतावरून सांगता येईल, असे आपल्यातील काही समीक्षक मानतात. त्यांनी या तीन निवेदकांचा विचार करावा.

आता मेंफिस. मिसिसिपीच्या अगदी काठावरचे हे शहर. तिथे 1947 साली बर्ट फर्ग्युसन आणि जॉन पेपर या दोन गोऱ्या मालकांनी डब्ल्यू.डी.आय.ए. सुरू केले. केंद्र फक्त 250 वॉटचे, धंदा बसेना. तेव्हा ऑक्टोबर 1948 मध्ये त्यांनी नॅट डी. विल्यम्स या काळ्या शिक्षकाला निवेदक नेमले. बुकर टी. वॉशिंग्टन हायस्कुलात इतिहास शिकवणारा हा माणूस पहिल्या दिवशी माइकसमोर शब्द विसरला आणि मोठ्याने हसला. ते हसू पुढे त्याची खूण ठरले. त्याच दिवशी केंद्राला बाँबच्या धमक्याही आल्या. काही काळातच सगळे कार्यक्रम काळ्या श्रोत्यांसाठी झाले आणि 1954 साली केंद्राची ताकद 50,000 वॉट झाली. हरवलेली मुले, नोकरीच्या जागा, अंत्यविधीच्या वर्दी असे सगळे त्यावरून सांगितले जाई. बी. बी. किंग या महान कलावंताचे नावही तिथेच घडले: बील स्ट्रीट ब्लूज बॉय, त्याचे ब्लूज बॉय, त्याचे बी. बी. एका टॉनिकची जाहिरात गात गात तो पुढे आला. माइकसमोर काळी माणसे आणि परवान्यावर गोरी नावे, ही तिथली व्यवस्था होती.

याच्या नेमकी उलट बाजू अटलांटात दिसते. 1949 साली जेसी बी. ब्लेटन या काळ्या हिशेबनिसाने आणि प्राध्यापकाने डब्ल्यू.ई.आर.डी. हे केंद्र 50,000 डॉलरला विकत घेतले. काळ्या माणसाच्या मालकीचे हे अमेरिकेतील पहिले नभोवाणी केंद्र. ती चार अक्षरे एका दमात उच्चारली की 'वर्ड' ऐकू येते, म्हणजे शब्द. 'बंधो, स्वागत' म्हणणाऱ्या केंद्राच्याच शहरात आता काळ्यांच्या हाती शब्द आला. हे केंद्र ऑबर्न ॲव्हेन्यूवरील ज्या इमारतीत होते तिथेच पुढे मार्टिन लूथर किंग यांच्या संघटनेची कचेरी आली. बोलायचे असले की किंग झाडूच्या दांड्याने छताला ठोकत आणि वरून माइक खाली सोडला जाई, असे सांगतात. आख्यायिका असेल. पण मालक आपला असेल तर माइक मिळवायला छत ठोकणे पुरते, असे तिथल्या लोकांना वाटत होते, एवढे त्या आख्यायिकेवरून निश्चित कळते.

इथे थांबून मालकी म्हणजेच मुक्ती असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. मी तो काढत नाही. डब्ल्यू.ई.आर.डी. लहान ताकदीचे केंद्र होते, डब्ल्यू.डी.आय.ए. इतके दूर ते कधीच पोहोचले नाही आणि 1968 साली ते विकले गेले. उलट बर्मिंगहॅममध्ये 1963 च्या मे महिन्यात गोऱ्या मालकाच्या डब्ल्यू.ई.एन.एन. केंद्रावरून शेली स्टुअर्ट या काळ्या निवेदकाने 'पार्टीला या, दात घासायचा ब्रश घेऊन या' अशा सांकेतिक भाषेत शाळकरी मुलांना सत्याग्रहाची वर्दी दिली. तुरुंगात रात्र काढावी लागणार, हे मुलांना ब्रशवरून समजले. परक्या घरात राहूनही विद्रोह करता येतो, याचा हा पुरावा आहे. मात्र तो सांकेतिक भाषेत करावा लागला, हेही विसरता येत नाही.

आणि नुसते नाव? दक्षिण सोडून उत्तरेत गेलेल्या काळ्यांसाठी शिकागोत 1963 साली डब्ल्यू.व्ही.ओ.एन. सुरू झाले. 'व्हॉइस ऑफ द निग्रो', निग्रोंचा आवाज, असा त्या अक्षरांचा अर्थ. मालक होते लेनर्ड आणि फिल चेस हे गोरे बंधू. पुढे 'निग्रो' हा शब्दच त्या समाजाने टाकून दिला, तेव्हा अक्षरे तीच ठेवून त्यांचा अर्थ 'राष्ट्राचा आवाज' असा केला गेला. इतरांनी दिलेले नाव नाकारण्याचा अनुभव आपल्यालाही आहे. 'हरिजन' आपण नाकारले. नामांतरासाठी मराठवाड्यात 1978 साली घरे जळाली, माणसे मेली आणि 1994 साली नामविस्तार झाला. नाव ही क्षुल्लक बाब आहे असे आम्हाला कोणी सांगू नये. पण पाटीवरच्या नावामागे परवाना कोणाचा, हे विचारणेही तितकेच आवश्यक आहे.

बाबासाहेबांना हे फार आधी कळले होते. ज्या 1927 साली मुंबईत नभोवाणी केंद्र सुरू झाले, त्याच साली महाडचा सत्याग्रह झाला आणि 'बहिष्कृत भारत' निघाले. त्याआधी 1920 साली 'मूकनायक', नंतर 1930 साली 'जनता', 1956 साली 'प्रबुद्ध भारत'. ही चार नावे एका ओळीत वाचली की एका समाजाने आपली ओळखाक्षरे स्वतः कशी बदलत नेली, ते दिसते: मूक, बहिष्कृत, जनता, प्रबुद्ध. यांतले एकही नाव कोणी बहाल केलेले नव्हते. आकाशवाणीवरून बाबासाहेब 3 ऑक्टोबर 1954 रोजी बोलले. स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच क्रांतीकडून नव्हे तर बुद्धाकडून घेतली, असे त्यांनी सांगितले. पण सरकारी केंद्रावरच्या त्या भाषणावर ते विसंबून राहिले नाहीत. पत्र त्यांनी चालूच ठेवले.

शेवटी आपल्या शेजारचे उदाहरण. तेलंगणात जहीराबादजवळ डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या संघमांतील शेतकरी बायकांनी, ज्यांत बहुसंख्य दलित आहेत, 1998 पासून ध्वनिफिती भरल्या. बियाणे, गाणी, आजार, मजुरी असे विषय. पण हवेत सोडण्याचा परवाना नव्हता. म्हणून दहा वर्षे त्या फिती बैठकीत टेपरेकॉर्डरवर ऐकवल्या गेल्या. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली दिला होता. संस्थांना केंद्र काढू देणारे धोरण यायला 2006 उजाडले आणि 'संघम रेडिओ' हवेत गेला तो 15 ऑक्टोबर 2008 रोजी. ही दहा वर्षे त्या बायका मूक होत्या काय? त्यांना 2008 साली कोणी आवाज दिला काय? त्यांना मिळाला तो परवाना, आणि तोही हक्काचा असताना उशिरा.

म्हणून समीक्षकांना माझे सांगणे आहे की 'आवाज दिला' हा शब्दप्रयोग आता सोडावा. पुस्तक हाती घेतले की त्यातील वेदना आणि विद्रोह जरूर पाहावा. पण ते कोणी छापले, कोणत्या अटीवर छापले, पुढची आवृत्ती कोणाच्या मर्जीवर आहे, हेही परीक्षणात लिहावे. आणि आपल्या वाचकांनी एवढे लक्षात ठेवावे की आपली नियतकालिके वर्गणीवर चालतात. मोठ्या प्रकाशनगृहाने आपला एक कवी छापला याचा आनंद मलाही होतो. परंतु तो आनंद साजरा करताना आपल्या नियतकालिकाची वर्गणी थकलेली असेल, तर बेलीची आठवण ठेवलेली बरी.