हॅनकॉक टॉवर : काचेने जिंकलेला आणि हरलेला वाद

बोस्टनच्या कॉपली चौकात एच. एच. रिचर्डसनचे ट्रिनिटी चर्च १८७७ पासून उभे आहे. त्याला जवळजवळ खेटून साठ मजली मनोरा बांधायचा हॅनकॉक विमा कंपनीचा बेत कळला, तेव्हा शहरातल्या वास्तुविशारदांनीच विरोधाचा झेंडा उभारला. आय. एम. पेई यांच्या कार्यालयातील हेन्री कॉब यांनी त्यावर काच हेच उत्तर दिले. समांतरभुज चौकोनाचा आराखडा, चौकाकडे वळवलेली अरुंद बाजू आणि आकाश व चर्च यांचे प्रतिबिंब धरणारा सपाट पृष्ठभाग. २४१ मीटर उंचीचा हा मनोरा आजही शहरात सर्वांत उंच आहे.

त्या काचेने आधी शहराला हैराण केले. जानेवारी १९७३ मधल्या वादळात, बांधकाम चालू असतानाच, तावदाने निखळून खाली आदळू लागली. एकेक तावदान सुमारे सव्वादोनशे किलोचे. रिकाम्या चौकटींत प्लायवूड ठोकले गेले आणि लोकांनी इमारतीचे नाव ‘प्लायवूड पॅलेस’ ठेवले. वारा वाढला की पोलीस आसपासचे रस्ते बंद करत. दोष होता तो जोडात. दुहेरी काचेच्या दोन थरांमधली शिशाची पट्टी डाख देऊन इतकी घट्ट बसवली होती, की वाऱ्याच्या कंपनांना आणि तापमानातल्या चढउतारांना तिथे वावच उरला नाही. जोड लवेना, म्हणून काच तडकली. अखेर सर्व १०,३४४ तावदाने बदलावी लागली. डोलणाऱ्या मनोऱ्याला आवर घालायला ५८व्या मजल्यावर तीनशे-तीनशे टनांची दोन वजने बसवली, सांगाड्यात तिरके पोलादी आधार घातले. पायाच्या खोदाईने चर्चच्या भिंतींना तडे गेले, ते वेगळेच.

एवढे होऊनही कॉब यांचा निर्णय मला योग्य वाटतो. चर्चच्या रांगड्या दगडाशी स्पर्धा करणारा एकही तपशील त्यांनी ठेवला नाही. अरुंद बाजूंवर वरपासून खालपर्यंत कोरलेली उभी खाच मनोऱ्याला धारदार, सडपातळ करते. हा संयम सोपा नव्हे. पण काच चर्चचे प्रतिबिंब दाखवते म्हणून मनोरा नम्र ठरतो, हा युक्तिवाद मला पटत नाही. वरून शहर पाहण्याची सोय ११ सप्टेंबर २००१ नंतर बंद झाली. ज्यांच्या आकाशात हा मनोरा घुसला, त्यांना आता तो फक्त खालूनच पाहता येतो.

काचेच्या मनोऱ्यांची खरी दुर्दशा झाली ती पुढे. जगाने कॉबचा आरसा उचलला, त्यामागचे कारण मागेच राहिले. लंडनच्या २० फेनचर्च स्ट्रीटच्या अंतर्वक्र काचेने २०१३ मध्ये ऊन एकवटून रस्त्यावर उभ्या मोटारीचे भाग वितळवले. तिथे नंतर उन्हाला अडवणाऱ्या पट्ट्या लावाव्या लागल्या. हा धोका आराखड्याच्या टेबलावरच दिसायला हवा होता.

मुंबईत तर याची किंमत रोज मोजावी लागते. लोअर परळ आणि वांद्रे-कुर्ला संकुलातल्या बंद काचांआड दिवसभर एसी चालतो आणि त्याची उष्णता बाहेर सोडली जाते. याच शहरात, कंबाला हिलवर, चार्ल्स कोरिया यांनी १९८३ मध्ये २८ मजली कांचनजंगा पूर्ण केली. तिथे घरांच्या कोपऱ्यात दोन मजले उंचीच्या खोल गच्च्या आहेत. त्या ऊन आणि पाऊस झेलतात, समुद्राचा वारा आत घेतात. उंच इमारतीत सावली कशी राखावी, हे तिथे जाऊन शिकता येते. तिच्यानंतर उभे राहिलेले मुंबईतले काचेचे मनोरे तिच्याकडे पाठ फिरवून उभे राहिले, याची मला मनापासून चीड येते.