गाणारा समाज, ऐकणारा समाज

अंधेरी-मरोळपासून गोराई-मुलुंडपर्यंतच्या आपल्या ईस्ट इंडियन गावठाणांत लग्नाआधी उंबराचे पाणी आणण्यासाठी बायका निघत, तेव्हा घुमटाच्या ठेक्यावर गाणी म्हटली जात. त्या गाण्यांना नामवंत कवी नव्हता आणि केवळ श्रोता म्हणावा असाही कोणी नव्हता. वाटेत भेटणारा प्रत्येक जण गाणाराच होई. विहिणीची थट्टा आणि लेकीच्या वियोगाचे दुःख ही दोन्ही एकाच सुरात सांगून होत असत.

हा विधी आजही अनेक घरांत होतो. परंतु पुष्कळदा घुमटाच्या जागी ध्वनिवर्धकांच्या भिंती उभ्या असतात. गाणे भाड्याने येते आणि वऱ्हाड त्यावर नाचते. बाहेरचे संगीत आले, ही माझी तक्रार नाही. बँड आणि व्हायोलिनही बाहेरचेच. ते आपण आपलेसे केले. घोरपडीच्या कातड्यावर कायद्याने बंदी आल्यावर कारागिरांनी घुमटाला बकऱ्याचे कातडे चढवले, तरी घुमट घुमटच राहिला. गोव्याने २०१९ मध्ये त्याला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान दिला. साधने बदलोत, आपला कंठ मात्र मुका होऊ नये.

देवालयातील स्थिती याहून फार निराळी नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली प्रसिद्ध केलेले ‘ख्रिस्तपुराण’ ओवीत रचले, कारण ओवी लोकांच्या ओठांवर होती. प्रॉटेस्टंट पंथातील रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीही अभंग आणि कीर्तन यांचाच आधार घेतला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजात गायनवृंदांना उत्तेजन दिले; परंतु सर्व भाविकांनी गायनात सक्रिय सहभाग घ्यावा, हेही त्याच परिच्छेदात बजावले. आपण त्यातील पहिला भाग मनावर घेतला आणि दुसरा विसरलो.

एका रविवारी मराठी मिस्सामध्ये आमच्या गायनवृंदाने कीबोर्डच्या साथीने अतिशय सुरेल गीत सादर केले. मिस्सानंतर मी मुलांचे कौतुक करीत असता एका आजीने विचारले, “फादर, आम्ही कुठे गायचे?” मला उत्तर देता आले नाही. गीतांची निवड मीच मान्य केली होती.

संगीत समाजाचे प्रतिबिंब असते, असे आपण म्हणतो. ते अपुरे आहे. एकत्र गाताना शेजाऱ्याचा श्वास सांभाळावा लागतो, आपला आवाज आवरावा लागतो. समाज म्हणून जगण्याची हीच तालीम होय. जो समाज केवळ ऐकतो, तो हळूहळू प्रेक्षक बनतो. आधी लग्नात, मग उपासनेत आणि शेवटी शेजाऱ्याच्या दुःखातही.

म्हणून प्रत्येक मिस्सात निदान एक गीत सर्वांना पाठ असलेले असावे. आणि घरातील आजीची लग्नगीते मुलांनी नुसती ध्वनिमुद्रित करून ठेवू नयेत; तिच्याजवळ बसून ती गायला शिकावीत.